कड्यावरचा पत्ता

फाल्गुन सरत आला की दिघोरीच्या परिसरातील मामा तलावांवरून हिवाळी पाहुणे परतू लागतात. धानाच्या बांध्यांत शेपटी हलवीत हिंडणारा, जेमतेम २० ग्रॅम वजनाचा धोबी पक्षी हिमालयापलीकडची वाट धरतो. हे पक्षी कोठून येतात व कोठे जातात, हे आज तर्काने नव्हे, पुराव्याने सांगता येते. त्या पुराव्यामागे डॉ. सलीम अली यांचे आयुष्य उभे आहे.

मुंबईत १८९६ साली जन्मलेले सलीम अली बालपणीच आईवडिलांना पारखे झाले. मामांच्या घरी वाढताना छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी ते १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि नेमबाज मुलाचा निरीक्षक झाला. पुढे विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी संशोधकाचे पद हुकले. बर्लिनला श्ट्रेझमान यांच्यापाशी शिक्षण घेऊन ते १९३० साली परतले, तो हातची नोकरीही गेलेली. अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. बेकारीतही व्यासंग थांबला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडांचा व माणसांचा बळी घेणारा ताप उद्भवला. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाल्याने, स्थलांतरित पक्ष्यांबरोबर गोचिड्या येत असाव्यात अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने १९५९ पासून कडी चढविण्याची मोठी मोहीम हाती घेतली. जाळ्यात अलगद धरलेल्या पक्ष्याचे माप व वजन घ्यायचे, पायात क्रमांकाचे हलके कडे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. भरतपूरला कडी चढविलेली बदके पुढे सैबेरियात सापडली.

परंतु कड्याचे मोल ते सापडल्याची वार्ता कळविणाऱ्यावरच अवलंबून असते. मृत पक्ष्याच्या पायातील कडे फेकून दिले, तर हजारो मैलांची हकीकत तेथेच संपते. क्रमांक, स्थळ आणि तारीख सोसायटीला कळविणे हे शिक्षकाला वा विद्यार्थ्यालाही सहज जमेल.

सलीम अली १९८७ साली निवर्तले. त्यांचे स्मरण जयंतीच्या भाषणांपुरते उरू नये. गाळाने भरत चाललेले आपले तलाव राखले नाहीत, तर पाहुण्यांचा पत्ता ठाऊक असूनही त्यांना उतरायला जागा उरणार नाही.