चार शपथा, एकही पूर्ण टर्म नाही

तुम्ही इंजिनीअरिंगला असाल आणि तुमचं कॉलेज सरकारी नसेल, तर तुमच्या अ‍ॅडमिशनचा धागा चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका मुख्यमंत्र्यापर्यंत जातो. गंमत म्हणजे त्या मुख्यमंत्र्याने स्वतः कधी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. वसंतदादा पाटील हे त्यांचं नाव. सांगलीकडचे असाल तर नुसतं ‘दादा’ म्हटलं तरी पुरतं. बाकीच्यांनी हे नाव कुठल्या तरी साखर कारखान्याच्या कमानीवर, नाहीतर पुण्याजवळ मांजरीच्या शुगर इन्स्टिट्यूटच्या पाटीवर वाचलेलं असतं.

आपल्या पिढीला वाटतं, मुख्यमंत्री बदलण्याचा खेळ २०१९ ला त्या पहाटेच्या शपथविधीपासून सुरू झाला. मग गुवाहाटी, मग ब्रेकिंग न्यूज, मग मीम्स. पण तसं नाही. वसंतदादांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा घेतली. चारही कारकिर्दी जोडल्या तर किती होतात? साडेतीन वर्षं. म्हणजे तुमची डिग्री पूर्ण व्हायलाही कमी पडतील एवढी.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. सांगलीजवळचं पद्माळे हे त्यांचं गाव. वर्षभराचे असतील नसतील तोच आई-वडील साथीत गेले आणि आजीने वाढवलं. शिक्षण फारसं झालं नाही. तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात उतरले, भूमिगत राहिले, पकडले गेले. २४ जुलै १९४३ ला भर दुपारी त्यांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. पावसाळ्याचे दिवस, कृष्णेला पूर आलेला, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण गोळ्या लागून गेले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस. (तुमच्या-माझ्या वयाच्या आसपासच. आपण या वयात सीव्हीचा फॉन्ट बदलत बसतो.)

स्वातंत्र्यानंतर १९५२ ला आमदार झाले. पण त्यांचा जीव रमला सहकारात. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना त्यांनी उभा केला आणि त्याच्याभोवती माणसांचं जाळं विणलं. पुढे प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष, मग पाटबंधारे मंत्री. वर चढण्याचा रस्ता संथ आणि सरळ होता. घसरगुंडी सुरू झाली ती खुर्ची मिळाल्यावर.

त्याआधीचा महाराष्ट्र आठवा. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री झाले ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. सलग अकरा वर्षं. त्यानंतर शंकरराव चव्हाण आले आणि पुढच्या तेरा वर्षांत खुर्चीवर नऊ वेळा माणूस बदलला. मधले चार महिने तर राष्ट्रपती राजवट होती.

असं का झालं, हे कळायला दादांचीच गोष्ट पुरेशी आहे. मार्च १९७७ ला आणीबाणीनंतरची लोकसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या. आजवर न पाहिलेला फटका होता तो. कुणाला तरी जावं लागणार होतं, शंकरराव गेले. नेतेपदाच्या लढतीत दादांनी यशवंतराव मोहित्यांना हरवलं आणि १७ मे १९७७ ला पहिली शपथ घेतली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विधानसभेची निवडणूक झालेली नव्हती. मतदाराला कुणी विचारलेलं नव्हतं. तरी मुख्यमंत्री बदलला, आणि ते पूर्णपणे नियमाला धरून होतं. आपल्या पद्धतीत मुख्यमंत्र्याला ठरावीक मुदत नसते. मुदत विधानसभेला असते. सभागृहातलं बहुमत ज्याच्या मागे, तो मुख्यमंत्री. बहुमत सरकलं की तोही सरकतो.

जानेवारी १९७८ ला काँग्रेस देशभर फुटली. एक इंदिरा गांधींची, दुसरी रेड्डी काँग्रेस म्हणून ओळखली गेलेली. दादा आणि यशवंतराव चव्हाण दुसऱ्या बाजूला. लगेच विधानसभेची निवडणूक आली आणि २८८ जागांत जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२ असा निकाल लागला. कुणाचंच धड बहुमत नाही. मग जनता पक्षाला रोखायला, प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. दादा मुख्यमंत्री, इंदिरा गटाचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री हे पद पहिल्यांदा मिळालं ते असं, तडजोडीतून. आज दोन-दोन उपमुख्यमंत्र्यांचं आपल्याला काही वाटत नाही, पण मूळ तिथलं आहे.

हे सरकार चार-साडेचार महिने चाललं. दोन्ही गटांची रोजची कुरबुर होती. तिरपुडे आणि दादांच्या गटातले मंत्री यांचं जमत नव्हतं. जुलैमध्ये, अधिवेशन चालू असताना, उद्योगमंत्री शरद पवार जवळपास ४० आमदार घेऊन बाहेर पडले. सरकार कोसळलं. १८ जुलै १९७८ ला पवारांनी जनता पक्ष आणि इतरांना सोबत घेऊन पुलोदचं सरकार बनवलं. वय ३७. ‘खंजीर’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा आला तो तेव्हापासून. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो आला १९८५ ला, आणि त्यातही एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल अशी वाट ठेवलेली होती. ती वाट बंद व्हायला २००३ उजाडलं.

पवारांचं ते सरकारही पुरं झालं नाही. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी दिल्लीत परतल्या आणि फेब्रुवारीत त्यांनी ते बरखास्त केलं. दादा तोवर इंदिरा काँग्रेसमध्ये गेले होते आणि त्याच वर्षी सांगलीतून खासदार झाले. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या विरोधात लढले त्यांच्याच पक्षात. याला तुम्ही संधिसाधूपणा म्हणा किंवा व्यवहार. मला तरी दोन्ही वाटतं. पण त्या क्षणापासून खुर्चीची किल्ली मुंबईतून दिल्लीला गेली, हे जास्त महत्त्वाचं. १९७७ मध्ये दादा आमदारांची मतं मिळवून नेते झाले होते. १९८० नंतर मुख्यमंत्री कोण हे पक्षश्रेष्ठी ठरवायचे आणि आमदार माना डोलवायचे. जून १९८० ला अंतुले आले. सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ ला त्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या बाबासाहेब भोसलेंचं नाव ऐकून काँग्रेसचे आमदारच चकित झाले. स्वतःचा गट नसलेला मुख्यमंत्री श्रेष्ठींना सोयीचा असतो. पण मंत्रालयात, आमदारांत त्याचं वजन किती?

आता तारखा नीट पाहा. अंतुलेंचा राजीनामा जानेवारी १९८२ च्या दुसऱ्या आठवड्यातला. भोसलेंची शपथ त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली. आणि १८ जानेवारीला, म्हणजे बरोबर मधल्या पोकळीत, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पगारवाढीबरोबर त्यांची एक मागणी होती की आमच्या वतीने बोलायचा हक्क कुठल्या संघटनेला, हे आम्हाला ठरवू द्या. तो हक्क ज्या १९४६ च्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, तो मुंबई राज्याचा कायदा होता. म्हणजे तोडगा काढायला राज्यात असा मुख्यमंत्री हवा होता, ज्याचा शब्द गिरणीमालक, संघटना आणि दिल्ली तिघेही मानतील आणि जो पुढच्या महिन्यातही खुर्चीवर असेल. भोसलेंकडे तेवढी ताकद नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं, शहर पेटलं, लष्कर बोलवावं लागलं. फेब्रुवारी १९८३ ला भोसले गेले, दादा परत आले. तोवर संपाला वर्ष उलटून गेलं होतं आणि कामगार गावाकडे पांगले होते. एका संपाला तीन मुख्यमंत्री. संप फसण्याची कारणं अनेक आहेत, मालकांना जुन्या गिरण्या चालवण्यात रसच उरला नव्हता हेही खरं. पण समोर बोलायला स्थिर माणूस नसणं हे त्यातलं एक कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं. परळ-लोअर परळच्या मॉलमध्ये कधी गेलात तर मधल्या चिमणीकडे बघा.

दुसरं उदाहरण मराठवाडा विद्यापीठाचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला, म्हणजे पवारांच्या शपथेनंतर नऊ दिवसांनी. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली आणि अंमलबजावणी थांबली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधे खुर्चीवरचा माणूस आठ वेळा बदलला. दादांच्या कारकिर्दीतही तो प्रश्न तसाच राहिला. आपण किती दिवस आहोत हे माहीत नसलेला माणूस अशा प्रश्नाला हात लावत नाही. तो पुढच्यासाठी ठेवतो.

मग असा माणूस करतो काय? एका सहीत होणारी गोष्ट करतो. १९८३ ला दादांनी विनाअनुदानित खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर इथली मुलं सीट मिळाली नाही की डोनेशन भरून कर्नाटकात जायची. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता. मग संस्थांनी काढावीत, मुलांच्या फीवर चालवावीत, सरकारने फक्त मान्यता द्यावी. सरकारच्या खर्चाची तरतूद नको, पाच वर्षं पाठपुरावा नको. निर्णय टिकला, कारण तो टिकवायला दादांची गरजच नव्हती. कॉलेजं निघाली, आणि बरीचशी कुणी काढली? ज्यांच्या हातात साखर कारखाने होते त्यांनी, म्हणजे आमदार आणि मंत्र्यांनी. परवानगी देणाऱ्याने परवानगी मागणाऱ्यांचीच मर्जी सांभाळायची, अशी ही जागा होती. कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करायला १९८७ साल आलं. परवानगी आधी, नियम चार वर्षांनी. खेड्यातली हजारो मुलं इंजिनीअर झाली हे खरं, आणि जमीन विकून फी भरलेले बापही खरे. दादांना यातलं फक्त एकच देणं जमतं का, हे तुम्ही ठरवा.

पण सगळंच अस्थिर सरकारात वाहून जातं असंही नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मधे सरकारं बदलली, हमी राहिली. सगळ्या पक्षांनी मिळून केलेला कायदा होता तो, एका माणसाची घोषणा नव्हती.

१९८५ च्या मार्चमध्ये दादांनी विधानसभा निवडणूक जिंकली, स्पष्ट बहुमत आणलं आणि चौथी शपथ घेतली. आता तरी पाच वर्षं मिळायला हवी होती ना? तीन महिने मिळाले. दिल्लीने प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांना नेमलं. दादांना ते मान्य नव्हतं. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. बहुमत शाबूत, पक्ष तोच, तरी मुख्यमंत्री गेला. १९७८ ला आमदार फुटल्यामुळे गेले, १९८५ ला दिल्लीशी न पटल्यामुळे. मतदारामुळे मात्र एकदाही गेले नाहीत. त्यांच्यानंतर आलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर नऊ महिन्यांत मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात गेले. मग पुन्हा शंकरराव चव्हाण. तेच, ज्यांच्या जागी दादा १९७७ ला पहिल्यांदा बसले होते.

दादांना राजस्थानचे राज्यपाल करून जयपूरला पाठवलं. तिथे ते रमले नाहीत. १९८७ ला राजीनामा देऊन परत आले. जून १९८८ ला शंकरराव दिल्लीला गेले आणि काँग्रेसमध्ये परतलेले शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्यासाठी वजन टाकणाऱ्यांत वसंतदादा होते. ज्याने दहा वर्षांपूर्वी आपलं सरकार पाडलं, त्याच्याच पाठीशी.

१ मार्च १९८९ ला मुंबईत दादा गेले. पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. पुढे जून १९९१ मध्ये तेही संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सुधाकरराव नाईकांनी शपथ घेतली.