कै. ताराबाई मोडक व बालकांचे खेळसाहित्य

आपल्या बोर्ली पंचतनच्या परिसरात, नारळी-पोफळीच्या आगरांतून हिंडणाऱ्या बालकास खेळावयास काय घ्यावे असा प्रश्न सहसा पडत नाही. करवंटीची चूल मांडावी, पोफळीच्या विरीवर एकाने बसावे व दुसऱ्याने ती ओढीत न्यावी, दिवेआगरच्या पुळणीवर वाळूचा किल्ला रचावा आणि लाटेने तो नेला की पुन्हा नवा रचावयास घ्यावा, हा क्रम पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. वडील माणसे मात्र याला बहुधा रिकामपणाचा उद्योग समजतात. या उद्योगातच शिक्षणाचा पाया आहे हे ओळखून ज्या बाईंनी आपले आयुष्य बालकांच्या सेवेत वेचिले, त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र विद्यार्थी व पालक या उभयतांनी जाणून घेण्याजोगे आहे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावान कार्यकर्ते होते. मुलींस चार अक्षरे शिकविणे हेदेखील ज्या काळी अनेक घरांत अनावश्यक मानले जाई, त्या काळी केळकरांच्या घरी कन्येच्या शिक्षणास आडकाठी झाली नाही. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढील वर्षी त्यांचा विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या व मोडक हे नाव त्यांस लाभले. परंतु संसाराचे सुख त्यांच्या वाट्यास फार काळ आले नाही. लहान मुलीस घेऊन आपल्या पायांवर उभे राहणे त्यांस प्राप्त झाले. अशा प्रसंगी त्या शिक्षणाच्या क्षेत्राकडे वळल्या व राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजाच्या प्रिन्सिपॉल झाल्या. त्या काळच्या एका हिंदी स्त्रीस ही जागा मिळणे हा मोठाच मान होता.

हा मान व ही स्थिरता सोडून त्यांनी 1923 साली भावनगरची वाट धरिली. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढिले होते. गिजुभाई मूळचे वकील. परंतु बालशिक्षणाच्या ध्यासाने त्यांनी वकिलीवर पाणी सोडिले होते. मोठ्या विद्यार्थिनींस शिक्षिका बनविणाऱ्या विदुषीने अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसावे, हे पुष्कळांस विचित्र वाटले असेल. परंतु ताराबाई तेथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या, गुजराती भाषा आत्मसात करून त्या भाषेत लेखन करू लागल्या, आणि 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात गिजुभाईंच्या बरोबरीने झटल्या.

त्या बालमंदिरात मुलांच्या हाती जी साधने दिली जात, त्यांचा पूर्ववृत्तान्त येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. खेळातून शिक्षण ही कल्पना युरोपात ज्यांनी पद्धतशीर रीतीने मांडिली, त्यांत जर्मनीतील एका धर्मोपदेशकाचे पुत्र फ्रेडरिक फ्रोबेल (1782–1852) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांनी 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढिली व 1840 साली तिला किंडरगार्टन, म्हणजे बालकांचा बगीचा, असे नाव दिले. लोकरीचे चेंडू व लाकडी ठोकळे अशा वस्तू ते मुलांस देत व त्यांस देणगी म्हणत. त्यांतील एका देणगीत एक लाकडी घन असून त्याचे आठ लहान घन होतात. त्या आठ तुकड्यांतून बालक खुर्ची करते, पायऱ्या करते, पूल करते, मोडते व पुन्हा काही निराळेच करते. अमुकच करावे असे त्या ठोकळ्यांवर लिहिलेले नसते. अमेरिकेतील विख्यात शिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट हे लहानपणी याच ठोकळ्यांनी खेळले होते व त्या खेळाचे ऋण त्यांनी पुढे आत्मचरित्रात मान्य केले. 1901 सालचे मेकॅनो आणि 1958 साली डेन्मार्कमध्ये पेटंट घेतलेल्या लेगोच्या विटा यांतही तेच तत्त्व आहे: तुकडे थोडे, पण रचना असंख्य.

इटलीतील विदुषी डॉ. मारिया मॉंटेसरी यांनी 1907 साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडिले. त्यांची साधने थोडी निराळी होती. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा घनांचा मनोरा, लहानमोठ्या भोकांत नेमके बसणारे दट्टे, अशी ती योजना होती. दट्टा चुकीच्या भोकात बसत नाही; म्हणून मुलास आपली चूक आपणच कळते व गुरुजींनी रागे भरण्याचे कारण उरत नाही. हा गुण फार मोठा. परंतु ही साधने कुशल सुताराकडून मापाबरहुकूम करवून घ्यावी लागत व त्यांस पैसाही पुष्कळ लागे. ही अडचण ताराबाईंच्या पुढील आयुष्याचा मुख्य प्रश्न होऊन बसली.

भावनगर सोडिल्यावर त्या मुंबईस आल्या आणि 1936 साली दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिर, तसेच शिक्षिकांस शिक्षण देणारे अध्यापक मंदिर, अशी दोन्ही कामे तेथे चालू झाली. शिक्षणपत्रिकेच्या द्वारे त्यांनी मराठी आईबापांस सतत सांगितले की, मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे. त्यास मारून, भिववून व गप्प बसवून शहाणे करता येत नाही. सुशिक्षित पालकांत त्यांच्या विचारांचा आदर होऊ लागला. येथेच त्या थांबल्या असत्या, तरी त्यांच्या नावलौकिकास काही उणे पडले नसते.

परंतु दादरच्या बालमंदिरात येणारी मुले कोणाची? ज्यांच्या घरी पुस्तके होती, दूध होते व दोन वेळचे अन्न होते, त्यांची. ज्या मुलांच्या आया पहाटे मजुरीस जात व ज्यांस धाकटे भावंड कडेवर घेऊन दिवस काढावा लागे, त्या मुलांस बालशिक्षणाची गरज अधिक नव्हती काय? आणि ती असेल, तर सुताराने मापून केलेले दट्टे त्यांच्या झोपडीत कोण नेणार? महात्मा गांधींच्या ग्रामसेवेच्या व नयी तालीमच्या विचारांनी या प्रश्नास अधिकच धार आली. अखेर 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई मागे टाकून बोर्डी या गावी ग्रामबालशिक्षण केंद्र उघडिले. बोर्डी हे आपल्यासारखेच समुद्रकाठचे गाव असून मुंबईच्या उत्तरेस डहाणू तालुक्यात आहे. तो भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. 2014 सालापासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथेच अनुताई वाघ ही कर्तबगार सहकारी त्यांस लाभली व ती अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिली.

शाळा उघडली म्हणजे मुले येतात, असे नव्हे. हरिजन व आदिवासी वस्तीतील मुलांस कोणी शाळेत बोलाविलेच नव्हते. ती तरी विश्वास कशी ठेवणार? म्हणून प्रथम वस्तीची झाडलोट, मग मुलांचे नहाणे, नखे कापणे, केस विंचरणे, पोटाला काही देणे, आणि त्यानंतर खेळ व गाणी, असा क्रम ठेवावा लागला.

आता खेळावयास द्यावयाचे काय? दुकानातील साधनांस पैसा नव्हता. तेव्हा ताराबाईंनी व अनुताईंनी सभोवार पाहिले. शंख-शिंपले, नदीतील गोटे, झाडांची पाने, फुले, बिया, काटक्या, बांबू आणि माती ही त्यांची साधने झाली. गोटे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावता येतात, मनोऱ्याच्या घनांप्रमाणेच. पानांचे आकार ताडून पाहता येतात. बिया मोजता येतात. आणि मोजून झाल्यावर त्याच बियांची नक्षी होते, त्याच काटक्यांचे कुंपण होते, त्याच मातीचे घर होते. अशा रीतीने मॉंटेसरीबाईंची शिस्त व फ्रोबेल यांचे स्वातंत्र्य ही दोन्ही एका ओंजळीत सापडली, आणि खर्च जवळजवळ काहीच आला नाही.

यातून निघालेला एक परिणाम पैशाच्या काटकसरीहूनही मोठा आहे. साधने सुटसुटीत झाल्यामुळे शाळा एका जागी बांधलेली राहिली नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. शिक्षिका साहित्य बरोबर घेऊन पाड्यावर जाई व एखाद्या झोपडीपुढील अंगणातच बालवाडी भरे. हीच अंगणवाडी होय. मुले गुरे राखावयास जात म्हणून शिक्षिका कुरणावर गेली, आणि कुरणशाळा निघाली. जड कपाटात कुलूपबंद ठेवावी लागणारी साधने असती, तर हे घडणे कठीण होते.

1957 साली हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली व इतर आदिवासी मुलांत ताराबाईंनी उतारवयातही काम चालू ठेविले. 1962 साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना चालू केली, आणि पाड्यावरील अंगणात जन्मलेले अंगणवाडी हे नाव देशभर पसरले. आज गावोगावच्या अंगणवाडीत बाळे जातात. परंतु त्या शब्दामागे ताराबाई व अनुताई उभ्या आहेत, याची जाणीव थोड्यांसच असते.

या चरित्रापासून पालकांनी काय घ्यावे? बाजारातून आणलेले किंमती खेळणे किल्ली दिली की चालते आणि मूल ते पाहत बसते. चार दिवसांनी ते मोडते किंवा मोडेल या भीतीने कपाटात जाते. उलट, टोपलीभर शिंपले व लाकडाचे दहा गुळगुळीत तुकडे दिले असता खेळणे स्वस्थ राहते आणि मूल चालू लागते. बालकाने रचलेल्यास हे काय वेडेवाकडे केलेस, असे म्हणू नये. आपण होऊन ते सरळही करू नये. त्याने विचारिले तरच मदत करावी. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तीन वर्षांखालील मुले हाती येईल ते तोंडात घालतात. म्हणून त्यांस चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू देऊ नयेत. गुंजा दिसावयास सुंदर असल्या तरी विषारी आहेत; त्या खेळात मुळीच नसाव्यात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे धाकटे भावंड असेल. ते अंगणात गोटे मांडून बसले असता तुमच्या पायाने ते उधळले जातात, आणि ते रडू लागले की तुम्हांस हसू येते. येशू ख्रिस्ताने बालकांस दूर न लोटता जवळ घेतले, हे तुम्ही प्रार्थनेच्या वेळी ऐकले आहे. ताराबाईंनी त्रेपन्नाव्या वर्षी शहर सोडून बालकांच्या पंक्तीस जमिनीवर बैठक घातली, हे आता वाचले आहे. तेव्हा पुढील खेपेस ते गोटे ओलांडून जा. आणि वेळ असेल तर क्षणभर खाली बसून त्या बालशिल्पकारास विचारा की, हे घर कोणाचे आहे.