यंत्र वाचणारा माणूस : सोइचिरो होंडा

जपानमध्ये वापरून झालेल्या हजारो गाड्या जहाजात भरून जगभर जातात. न्यूझीलंड, केनिया, श्रीलंका, आणि आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतात तो मॉरिशस... या सगळीकडे आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे या गाड्या तिथे सहज खपतात. गाडी चकाचक असते, इंजिन मस्त असतं. पण किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा स्क्रीन उजळतो आणि नव्या मालकाचा चेहरा उतरतो. मेनू जपानी, नकाशा जपानी, आणि रस्ता सांगणारी बाईसुद्धा जपानी!

मालकाचा पहिला प्रश्न एकच असतो : हे इंग्लिशमध्ये कसं करायचं?

आपण म्हणू, त्यात काय एवढं! सेटिंगमध्ये जायचं, लँग्वेज शोधायची, इंग्लिश दाबायचं. पण यातल्या बऱ्याच सेटमध्ये तो पर्यायच नसतो, कारण ते फक्त जपानमध्ये विकण्यासाठी बनवलेले असतात. मग काय करायचं ते मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. गाडीतला नकाशा दाखवणारा स्क्रीन बाजारात पहिल्यांदा आणला तो त्याच्या कंपनीने. त्याचं नाव आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या कितीतरी बाइक्सच्या टाकीवर लिहिलेलं असतं. आपण ते रोज वाचतो, पण माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नसतो.

सोइचिरो होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यात झाला. वडील लोहार. पुढे ते सायकली दुरुस्त करून विकू लागले. आई विणकाम करायची. घरची परिस्थिती बेताचीच. मुलाचं शाळेत लक्ष नव्हतं, पण भात्याजवळ तो तासन्‌तास बसायचा. गावात पहिली मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला आणि तिने रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास त्याने हातांना लावून घेतला म्हणे! १९१७ मध्ये एका अमेरिकन वैमानिकाची विमान-प्रात्यक्षिकं हामामात्सुला होती. हा पठ्ठ्या शाळा बुडवून, वडिलांची सायकल घेऊन तिथे पोचला. तिकिटाला पैसे पुरेनात, म्हणून झाडावर चढून त्याने विमान पाहिलं.

१९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळा संपवून तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. आपल्याला लगेच पान्हा हातात मिळेल असं त्याला वाटलं होतं. मिळालं काय, तर झाडू आणि मालकाचं तान्हं बाळ! कित्येक महिने बाळ पाठीला बांधून तो मेकॅनिकांचं काम नुसतं बघत राहिला. पण बघता बघता शिकला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा जपानमध्ये ज्या मोटारी होत्या त्या बहुतेक सगळ्या परदेशी. म्हणजे आज जपानी गाडी घेतलेला मॉरिशसचा माणूस जिथे उभा आहे, तिथेच तेव्हा जपानी मुलं उभी होती. गाडी परक्याची, तिच्यावरची अक्षरं परक्याची. अशा गाड्या उघडायच्या, कोणता भाग काय करतो ते बघायचं आणि परत जोडायच्या, हेच त्या मुलाचं इंजिनिअरिंग कॉलेज. १९२३ च्या मोठ्या भूकंपात टोकियो जळालं, गॅरेजही गेलं. त्यानंतर आगीत होरपळलेल्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात आणखी बसला. अठराव्या वर्षी मालकाने त्याला एकट्याला दूर मोरिओकाला अग्निशमन दलाची गाडी दुरुस्त करायला पाठवलं. एवढंसं पोर बघून तिथल्या लोकांनी त्याला साधीच खोली दिली. त्याने गाडी पूर्ण खोलली आणि जोडून, पाण्याचा फवारा उडवून दाखवला. त्या रात्री त्याची खोली बदलली!

१९२८ मध्ये त्याला हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा काढायला मिळाली. धंदा जोरात चालला. लाकडी आऱ्यांच्या जागी ओतीव लोखंडाचे आरे बनवून त्याने पेटंट घेतलं. रेसिंगचा नादही होता. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावाच्या ट्रॅकवर त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला, तो आणि त्याचा भाऊ दोघेही जबर जखमी झाले.

आता येतो त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. १९३७ च्या सुमारास होंडांनी पिस्टन रिंग बनवायचं ठरवलं. दिसायला केवढीशी रिंग! पण रात्र रात्र भट्टीपाशी बसूनही ती जमेना. हातात एवढी कला, तरी रिंग ठिसूळच व्हायची. शेवटी हामामात्सुच्या तंत्रशाळेतल्या एका प्राध्यापकाने रिंग तपासून सांगितलं, की हिच्यात सिलिकॉन कमी आहे. होंडांना ते माहीतच नव्हतं. मग तिशीतला हा कारखानदार त्याच शाळेत पोरांबरोबर वर्गात जाऊन बसला. परीक्षा मात्र दिली नाही, त्यामुळे डिप्लोमा मिळाला नाही. पुढे टोयोटाला तपासणीसाठी दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. तरीही ते चिकटून राहिले आणि काही वर्षांत टोयोटालाच रिंगा पुरवू लागले.

युद्धात अमेरिकन बॉम्बहल्ल्यात एक कारखाना गेला, १९४५ च्या भूकंपात दुसरा पडला. युद्ध संपल्यावर त्यांनी उरलेला धंदा टोयोटाला विकला आणि वर्षभर चक्क काही केलं नाही. १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटचे जनरेटर चालवणारी छोटी इंजिनं त्यांच्या हाती लागली. ती त्यांनी सायकलला बसवली. सुरुवातीला पेट्रोलच्या टाकीऐवजी शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली! ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या काळात या सायकली हातोहात गेल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री फुजिसावांची, यंत्र होंडांचं, अशी वाटणीच झाली.

१९५४ मध्ये होंडांनी जाहीर केलं, की आपण आइल ऑफ मॅनच्या मोटारसायकल शर्यतीत उतरणार. मग ते स्वतः तिथे शर्यत बघायला गेले. तिथल्या गाड्यांची ताकद त्यांच्या गाड्यांच्या जवळजवळ तिप्पट! दुसरा कोणी असता तर गुपचूप घरी आला असता. होंडांनी येताना टायर, रिम, चेन, कार्ब्युरेटर असे सुटे भाग विकत घेऊन आणले आणि ते उघडून बघितले. १९५९ मध्ये होंडाचा संघ तिथे उतरला, १२५ सीसी गटात सहावा, सातवा, आठवा आला. १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी, दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे! दरम्यान १९५८ मध्ये सुपर कब ही छोटी गाडी आली होती. जगात सगळ्यात जास्त बनलेलं मोटार-वाहन तेच.

होंडा म्हणजे देवमाणूस, असं मात्र मी लिहिणार नाही. त्यांचा राग भयानक होता. काम चुकलं तर इंजिनिअरवर हात उगारायचे, हातातलं हत्यार फेकायचे. हट्टीही तेवढेच. इंजिन हवेनेच थंड करायचं, हा त्यांचा हेका. १९६८ मध्ये एअर-कूल्ड इंजिनाची त्यांची फॉर्म्युला वन गाडी फ्रान्समधल्या शर्यतीत आदळून पेटली आणि ड्रायव्हर जो श्लेसर गेला. तरुण इंजिनिअर वॉटर-कूलिंगसाठी भांडत होते. शेवटी होंडांनी माघार घेतली. त्याच पोरांनी १९७२ मध्ये सीव्हीसीसी हे इंजिन आणलं आणि अमेरिकेच्या प्रदूषणाच्या कडक नियमात बसून दाखवलं. हे इंजिन पाण्यानेच थंड व्हायचं! दुसऱ्याच वर्षी, १९७३ मध्ये, होंडा आणि फुजिसावा दोघेही एकत्र निवृत्त झाले. आपल्या मुलांना त्यांनी कंपनीत आणलं नाही.

आता परत स्क्रीनकडे येऊ. होंडा निवृत्त झाल्यावर आठ वर्षांनी, १९८१ मध्ये, त्यांच्या कंपनीने अकॉर्ड आणि व्हिगर या गाड्यांसाठी इलेक्ट्रो जायरोकेटर आणला. तेव्हा गाड्यांसाठी जीपीएस नव्हतं! मग गाडी कुठे आहे हे कसं कळायचं? यात हेलियम वायूची बारीक धार दोन तापलेल्या तारांवर सोडलेली असे. गाडी सरळ असली की दोन्ही तारांवर धार सारखी पडायची. गाडी वळली की धार सरकायची, एक तार जास्त थंड व्हायची, दुसरी कमी. तापमान बदललं की रेझिस्टन्स बदलतो, त्यावरून गाडी किती वळली ते कळायचं. चाकाच्या फिरण्यावरून अंतर मिळायचं. दोन्हींचा हिशेब करून कॉम्प्युटर छोट्या सीआरटी पडद्यावर गाडीचा मार्ग काढायचा. आणि नकाशा? तो पारदर्शक फिल्मवर छापलेला, पडद्यासमोर सरकवायचा! दुसऱ्या भागात गेलात की दुसरी फिल्म. थोडी थोडी चूक साठत जायची, मग ड्रायव्हरने हाताने खूण जुळवायची. २०१७ मध्ये आयईईई या संस्थेने या यंत्राला माइलस्टोन म्हणून मान दिला.

मला यातली गंमत अशी वाटते, की त्या यंत्रात रस्त्यांची नावं फक्त फिल्मवर होती. आत चालणाऱ्या हिशेबाला भाषाच नव्हती. हेलियमची धार जपानी नसते की इंग्लिश नसते!

आजच्या जपानी सेटमध्ये मात्र सगळं एकावर एक रचलेलं असतं, त्यामुळे एक एक थर सुटा करून बघावा लागतो. मेनूची अक्षरं सॉफ्टवेअरमध्ये. त्यात इंग्लिश नसेल तर दुसरं सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि त्यात गडबड झाली तर सेट कायमचा बंद पडू शकतो. नकाशा डिस्क, हार्डडिस्क किंवा कार्डवर असतो, आणि तो फक्त जपानचा. मेनू इंग्लिश झाला म्हणून त्यात पोर्ट लुई येत नाही. रेडिओची तर वेगळीच कथा : जपानमध्ये एफएम ७६ मेगाहर्ट्‌झला सुरू होऊन पूर्वी ९० पर्यंतच असायचा, आपल्याकडे आणि बाकी जगात बहुतेक ठिकाणी तो ८७.५ ते १०८. त्यासाठी अँटेनाच्या वायरमध्ये बँड एक्सपांडर नावाची डबी बसवून स्टेशनं खाली सरकवतात. बॅटरी काढली तर काही सेट पासवर्ड मागून अडून बसतात, आणि प्रश्नही जपानीत! म्हणून बरेच लोक शेवटी सेटच बदलतात. तेव्हाही स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, मूळ वायरिंगचे कनेक्टर, हे सगळं नव्या सेटशी जुळवावं लागतं. म्हणजे भाषा बदलायला निघालेल्या माणसाला आधी अख्खी सिस्टिम समजून घ्यावी लागते.

आणि म्हणूनच मला हे आपल्या मॅगझिनमध्ये लिहावंसं वाटलं. आपल्या हॉस्टेलला दर वर्षी मराठी माध्यमातून आलेली मुलं असतात. फर्स्ट इयरची पुस्तकं उघडली की त्यांची अवस्था त्या जपानी स्क्रीनसमोर बसलेल्या मालकासारखी होते. माझा रूम पार्टनर शेतावरच्या पंपाची मोटर स्वतः रिवाइंड करतो. पण व्हायव्हाला स्लिप म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये सांगायची वेळ आली की गप्प होतो आणि शून्य मार्क घेऊन येतो. पहिल्या सेमिस्टरला तर त्याने बॅग भरून ठेवली होती. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मला हा स्क्रीन पहिल्यापासून इंग्लिशमध्येच मिळाला. पण डेफिनिशन घडाघडा म्हणता येणं म्हणजे मोटर कळणं असं थोडंच आहे! ती मला कळली ती त्याने उघडून दाखवली तेव्हा.

इंग्लिश नको असं मी म्हणत नाही. सिलिकॉनचं अडलं तेव्हा होंडाही वर्गात जाऊन बसले होते, आणि तिशीत बसायला त्यांना लाज वाटली नाही. पण आधी हात काळे केले होते म्हणून वर्गात नेमकं काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. भाषा हा वरचा थर आहे. तो अवघड असेल, पण बदलता येतो. स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती : व्हायव्हाला एखादा मुलगा अडला तर त्याला एकदा मराठीत सांगू द्या, किंवा सरळ मोटर उघडायला सांगा. त्याला येतं की नाही ते लगेच कळेल.

५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी सोइचिरो होंडा गेले. आपल्यामागे कंपनीने मोठा अंत्यविधी करू नये, उगाच रस्त्यावर गाड्यांची गर्दी होऊन लोकांचा खोळंबा होईल, अशी त्यांची इच्छा होती. आयुष्यभर गाड्या बनवलेल्या माणसाचा शेवटचा हिशेबसुद्धा रस्त्याचाच होता.