जॉन जे : सत्तेपुढे नियम मोठा मानणारा राज्यपाल

अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांचा जन्म १२ डिसेंबर १७४५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. धर्मछळामुळे फ्रान्स सोडावे लागलेल्या ह्युगेनॉट पंथीयांचे ते वंशज. किंग्ज कॉलेजात, म्हणजे आजच्या कोलंबिया विद्यापीठात, शिक्षण घेऊन ते वकील झाले. १७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याच्या वाटाघाटींत फ्रँकलिन आणि अ‍ॅडम्स यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. १७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्यांच्याकडे सरन्यायाधीशपद सोपवले.

न्यायासनावर असतानाच, १७९२ मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कच्या राज्यपालपदाची निवडणूक लढवली. मतमोजणी समितीत प्रतिस्पर्धी जॉर्ज क्लिंटन यांच्या समर्थकांचे बहुमत होते. समितीने तांत्रिक कारणे दाखवून तीन परगण्यांची मते बाद केली आणि जे यांचा थोडक्यात पराभव झाला. समर्थक खवळले, जे यांनी मात्र त्यांना शांत राहण्यास सांगून निकाल स्वीकारला.

१७९४ मध्ये त्यांनी लंडनला जाऊन ब्रिटनशी करार केला. त्यामुळे युद्ध टळले आणि अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातील ब्रिटिश बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. मात्र करार ब्रिटनच्या फायद्याचा आहे, या संतापातून मायदेशी त्यांचे पुतळे जाळले गेले. ते परदेशी असतानाच मतदान होऊन न्यूयॉर्कने त्यांना राज्यपाल म्हणून निवडले होते. १७९५ मध्ये सरन्यायाधीशपद सोडून त्यांनी तो कारभार हाती घेतला.

गुलामगिरीच्या बाबतीत त्यांचे जीवन विसंगतीने भरलेले होते. गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष होते, तरी त्यांच्या स्वतःच्या घरी गुलाम राबत होते. १७९९ मध्ये त्यांनी क्रमशः मुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ४ जुलै १७९९ नंतर जन्मलेली गुलामांची मुले या कायद्याने स्वतंत्र ठरली. मात्र मुलींना २५ आणि मुलांना २८ वर्षांपर्यंत मालकाची चाकरी करावी लागणार होती. आधी जन्मलेल्यांना त्या कायद्याने मुक्ती दिली नाही.

त्यांची खरी कसोटी १८०० मध्ये लागली. फेडरलिस्ट पक्षाने न्यूयॉर्कची विधानसभा गमावली होती आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे १२ मतदार नवी विधानसभा ठरवणार होती. मावळत्या विधानसभेचे खास अधिवेशन बोलावून मतदार निवडण्याची पद्धतच बदलावी, अशी गळ अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी पत्राद्वारे घातली. जे हेही त्याच पक्षाचे. तरीही केवळ पक्षहितासाठी असे पाऊल उचलणे आपल्याला शोभणार नाही, या विचाराने त्यांनी ते पत्र बाजूला ठेवले. पुढे ती १२ मते विरोधी पक्षाला मिळाली आणि जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅडम्स यांनी पुन्हा देऊ केलेले सरन्यायाधीशपदही जे यांनी नाकारले. ते जॉन मार्शल यांच्याकडे गेले. १८०१ मध्ये जे बेडफर्डच्या शेतावर परतले. वर्षभरातच पत्नी सारा यांचे निधन झाले. त्यानंतरची २७ वर्षे त्यांनी राजकारणापासून दूर काढली. १७ मे १८२९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. नियमांच्या आडून हिरावलेला विजय त्यांनी सोडून दिला होता. आठ वर्षांनी नियम वाकवून विजय मिळवण्याची संधी आली, तेव्हा तीही त्यांनी सोडली.