चार पौंडांच्या करारात अडकलेला जादूगार

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमधील फुटबॉल मैदानांवर हजारो प्रेक्षकांच्या नजरा ज्या खेळाडूवर खिळलेल्या असत, त्याचे नाव विल्यम हेन्री ऊर्फ बिली मेरेडिथ. उजव्या बाजूची रेषा धरून पळणारा, दातांत दातकोरणी धरून खेळणारा हा सडसडीत वेल्श खेळाडू त्या काळच्या व्यंगचित्रकारांचाही लाडका होता. मात्र मैदानावरील विक्रमांपेक्षा मोठा सामना तो मैदानाबाहेर खेळला. खेळाडू हा क्लबमालकाची मालमत्ता की आपल्या श्रमाचा मोबदला ठरवण्याचा हक्क असलेला कामगार, हा त्या सामन्याचा विषय होता. त्याचा निकाल लागला तेव्हा मेरेडिथ हयात नव्हता.

मेरेडिथचा जन्म १८७४ मध्ये वेल्समधील चर्क गावाजवळच्या ब्लॅक पार्क येथे खाणकामगाराच्या कुटुंबात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी तोही कोळशाच्या खाणीत उतरला आणि खाणीतले तट्टू हाकू लागला. मोकळ्या वेळात फुटबॉल हा त्या वस्तीचा विरंगुळा होता. खाणींमधील संप आणि टाळेबंदी त्याने जवळून पाहिली होती. एकट्याने मागितलेली मजुरी आणि सर्वांनी मिळून मागितलेली मजुरी यांतला फरक त्याला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती.

१८९४ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला संघात घेतले. पोटचा मुलगा पैशासाठी फुटबॉल खेळणार, ही कल्पना त्याच्या आईला रुचली नव्हती. सुरुवातीचा काही काळ तो खाणीतले काम सांभाळूनच सामने खेळत असे. पुढे मात्र तो सिटीचा आधारस्तंभ झाला. २३ एप्रिल १९०४ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने कर्णधार या नात्याने बोल्टन वाँडरर्सविरुद्ध एकमेव गोल केला आणि क्लबला पहिला मोठा करंडक मिळवून दिला.

एवढ्या मोठ्या खेळाडूचा करार मात्र कसा होता, हे पाहिले तर आजचा वाचक थक्क होईल. १८९३ पासून लीगमध्ये खेळाडूला राखून ठेवण्याची आणि त्याच्या हस्तांतराची पद्धत सुरू झाली होती. हंगाम संपला, करार संपला, तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहत असे. क्लबच्या संमतीविना तो लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे जाऊ शकत नसे. त्यात १९०१ पासून कमाल वेतनाची मर्यादा आली. आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन कोणालाही द्यायचे नाही, बक्षिसी द्यायची नाही, असा हा नियम होता. श्रीमंत क्लबांनी चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून लहान क्लबांना ही मर्यादा हवीशी वाटत होती. चार पौंड हे कुशल कारागिराच्या मजुरीपेक्षा अधिक होते, हे खरे. पण ज्याच्या नावावर तिकिटे खपत, त्याला आपली किंमत सांगण्याची सोयच उरली नव्हती. परिणामी नियम कागदावर राहिला आणि मोठ्या क्लबांमध्ये टेबलाखालून पैसे दिले जाऊ लागले.

या दुटप्पीपणाचा स्फोट मेरेडिथच्याच निमित्ताने झाला, आणि तो प्रसंग त्याला शोभणारा नव्हता. एप्रिल १९०५ मध्ये विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या सिटीचा सामना अॅस्टन व्हिलाशी होता. हा सामना सोडून देण्यासाठी मेरेडिथने दहा पौंड देऊ केले, असा आरोप व्हिलाचा कर्णधार अॅलेक लीक याने केला. फुटबॉल असोसिएशनने मेरेडिथला हंगामभर निलंबित केले. आधी त्याने आरोप साफ नाकारला. नंतर क्लबने वेतनाबाबत हात वर केल्यावर त्याने आपण लाच देऊ केल्याचे मान्य केले, पण ती व्यवस्थापक टॉम मॅली यांच्या सांगण्यावरून, असा दावा केला. शिवाय क्लबमध्ये मर्यादेपेक्षा जास्त पैसे वाटले जात असल्याचेही त्याने उघड केले. १९०६ च्या चौकशीनंतर सिटीच्या १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली आणि त्यांना पुन्हा सिटीकडून खेळण्यास मनाई झाली. मॅली यांना तर कायमचे बाहेर काढण्यात आले. नियम मोडणारे आणि नियम मोडण्याची पाळी आणणारे यांत दोषी कोण, हा प्रश्न चौकशी समितीने स्वतःला विचारला नाही.

मेरेडिथ शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडे गेला. बंदी उठताच नववर्षदिनी त्याने व्हिलाविरुद्ध पुनरागमन केले. त्याच्याच पासवर सँडी टर्नबुलने विजयी गोल केला. १९०८ मध्ये युनायटेडने पहिले लीग विजेतेपद आणि १९०९ मध्ये पहिला एफए कप जिंकला. दोन्ही यशांत त्याचा वाटा मोठा होता.

याच काळात त्याच्यातला खाणकामगार पुन्हा जागा झाला. एप्रिल १९०७ मध्ये युनायटेडचा तरुण खेळाडू थॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडू डोक्याने टोलवल्यानंतर कोसळला आणि मरण पावला. मृत्यू नैसर्गिक ठरवला गेला आणि कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. खेळाडूंची १८९८ मध्ये स्थापन झालेली पहिली संघटना काही वर्षांतच विरून गेली होती. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलमध्ये मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली आणि नवी खेळाडू संघटना जन्माला आली. त्याचा संघसहकारी चार्ली रॉबर्ट्स या कामात आघाडीवर होता, तर हर्बर्ट ब्रूमफिल्ड सचिव झाला. कमाल वेतन आणि हस्तांतराची पद्धत रद्द व्हावी, जखमी खेळाडूला व मृताच्या कुटुंबाला कायद्याने भरपाई मिळावी, या प्रमुख मागण्या होत्या. विशेष म्हणजे युनायटेडचे मालक आणि मद्यउत्पादक जॉन हेन्री डेव्हिस यांनीच संघटनेचे मानद अध्यक्षपद स्वीकारले.

फुटबॉल असोसिएशनने प्रारंभी संघटनेला मान्यता दिली. खेळाडूने न्यायालयात जाण्यापूर्वी आपली परवानगी घ्यावी, ही तिची अट मात्र संघटनेला मान्य नव्हती. त्यातच संघटनेने कामगार संघटनांच्या महासंघाशी संलग्न होण्याचे ठरवले. १९०९ मध्ये असोसिएशनने मान्यता काढून घेतली आणि १ जुलैपूर्वी संघटनेचे सदस्यत्व सोडा, अन्यथा बंदीला सामोरे जा, असा आदेश काढला. नोकरीच्या भीतीने बहुतेकांनी राजीनामे दिले. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र हटले नाहीत. त्यांचे वेतन थांबले, क्लबचे मैदान बंद झाले. तेव्हा ते फॅलोफिल्डच्या मैदानावर सराव करू लागले आणि बहिष्कृतांचा संघ अशी पाटी पुढे ठेवून त्यांनी छायाचित्रही काढून घेतले. हौशी खेळाडूंना घेऊन हंगाम सुरू करण्याची भाषा क्लब करू लागले. एव्हर्टनच्या टिम कोलमनने या बहिष्कृतांना पाठिंबा दिला आणि हळूहळू वारे फिरले. ३१ ऑगस्ट रोजी, हंगामाच्या तोंडावर बर्मिंगहॅममध्ये तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, थकलेले वेतन मिळाले. पण त्यानंतर झालेल्या मतदानात खेळाडूंनी कामगार महासंघाशी असलेले नाते तोडून टाकले.

हा विजय होता की माघार? मेरेडिथच्या दृष्टीने ती माघारच होती. इतर कामगारांशी नाते तोडल्यावर संघटनेची धार बोथट होणार, हे त्याला दिसत होते. त्याच्या सहकाऱ्यांना मात्र घरभाडे द्यायचे होते, आणि खेळाडूचे आयुष्य जेमतेम दहा वर्षांचे असते. १९१० मध्ये एकाच क्लबकडे दीर्घकाळ राहिलेल्यांसाठी वेतनाची मर्यादा पाच पौंडांपर्यंत वाढली. हस्तांतराची बेडी तशीच राहिली. १९१२ मध्ये हर्बर्ट किंगॅबीच्या खटल्यात तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. संघटना हरली आणि खर्चाने जवळजवळ बुडाली.

मेरेडिथ मात्र खेळतच राहिला. १९२० मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, इंग्लंडवर विजय मिळवणाऱ्या वेल्स संघात तो होता. देशाकडून तो त्याचा ४८ वा आणि शेवटचा सामना ठरला. युनायटेड सोडण्याची वेळ आली तेव्हा वयाच्या ४६ व्या वर्षीही त्याला मोफत हस्तांतरासाठी क्लबशी झगडावे लागले. ज्या नियमाविरुद्ध संघटना उभारली, तोच नियम उतारवयातही त्याच्या वाटेत उभा होता. अखेर १९२१ मध्ये तो सिटीकडे परतला आणि मार्च १९२४ मध्ये एफए कपची उपांत्य फेरी खेळून निवृत्त झाला. तेव्हा त्याचे वय ४९ होते. दोन्ही क्लबांकडून मिळून ७०० हून अधिक सामने खेळलेल्या या खेळाडूने पुढे मँचेस्टरमध्ये मद्यगृह चालवून चरितार्थ केला. १९ एप्रिल १९५८ रोजी, युनायटेडच्या संघावर काळाने घाला घातलेल्या म्युनिक विमान दुर्घटनेनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, त्याचे निधन झाले.

त्या वर्षी कमाल वेतन आठवड्याला वीस पौंड होते. जानेवारी १९६१ मध्ये जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाचा इशारा दिला आणि ही मर्यादा कायमची संपुष्टात आली. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने राखून ठेवण्याची पद्धत बेकायदा बंधन ठरवली, तर १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपातील खेळाडूला करार संपताच मोकळे केले. मेरेडिथने ज्या मागण्या मांडल्या, त्या पूर्ण व्हायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मँचेस्टरच्या दफनभूमीत मेरेडिथच्या थडग्यावर अनेक वर्षे नावाचा दगडही नव्हता. २००१ मध्ये त्याचा खर्च उचलण्यास वेल्सची फुटबॉल असोसिएशन आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब पुढे आले. त्यांच्यासोबत खर्चाचा वाटा उचलणारी चौथी संस्था होती व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना, इम्पीरियल हॉटेलमधल्या त्या बैठकीत जन्मलेली.