थॉमस ग्रॅहॅम

वैशाखांत आमच्या रत्नागिरीच्या खाडीकांठीं राहणाऱ्यांस मचूळ पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पाण्यांत विरघळलेलें मीठ फडक्यानें गाळून निघत नाहीं. पाण्याबरोबर तेंही खुशाल खालीं उतरतें. तें पडद्याच्या साह्यानें वेगळें करण्याची वाट ज्यानें दाखविली, त्या थॉमस ग्रॅहॅमचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ग्रॅहॅमचा जन्म १८०५ च्या डिसेंबरांत स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी व्यापारी वडिलांची दृढ इच्छा. मुलाचें मन मात्र रसायनशाळेंत गुंतलेलें. अखेर वडिलांनीं खर्चास पैसे देणें बंद केलें. शिकवण्या करून व लेख लिहून त्यानें कसाबसा गुजारा केला. आईचा व बहिणीचा जिव्हाळा तेवढा त्यास अंतरला नाहीं. वडिलांचा हेतु वाईट होता असें आम्हांस वाटत नाहीं, पण मुलाचा कल ओळखण्यांत ते चुकले खरे.

१८३० त ग्लासगोस व १८३७ त लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत तो अध्यापक झाला. वायूंविषयींचा त्याचा नियम शाळेच्या पुस्तकांत आहेच. १८५५ त तो सरकारी टांकसाळीचा मुख्य झाला. याच पदावर पूर्वीं न्यूटन होता. त्या व्यापांतूनही १८६१ सालीं त्यानें आपला प्रसिद्ध प्रयोग मांडला. कड्यावर चर्मपत्री कागद ताणून त्यानें डफासारखें पात्र केलें, त्यांत द्राव ओतला व तें स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेविलें. साखर, मीठ पडद्यांतून बाहेर गेलें. डिंक आंतच राहिला. या क्रियेस त्यानें डायालिसिस हें नांव दिलें. मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्याचें रक्त शुद्ध करण्याच्या क्रियेस आज हेंच नांव आहे.

परंतु बाहेर गेलेलें मीठ पुष्कळ पाण्यांत पसरून वायां जाई, आणि कामही फार मंद चाले. येथें पुढें वीज उपयोगी पडली. पाण्यांत मिठाचे धन व ऋण असे विद्युद्भारित कण होतात. विजेचे ध्रुव बुडविले म्हणजे ते विरुद्ध दिशांस धांवतात. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत एकाच जातीचे कण सोडणारे पडदे तयार झाले. असे दोन जातींचे पडदे आळीपाळीनें लावले म्हणजे एका खणांत गोडें पाणी उरतें व शेजारच्या खणांत मीठ दाटून गोळा होतें. तें फुकट न जातां परत हातीं येतें. आपल्या देशांत भावनगर येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या मीठ-संशोधन-संस्थेनें अशा पडद्यांवर बरेंच काम केलें आहे.

ग्रॅहॅम १८६९ च्या सप्टेंबरांत लंडन येथें वारला. तो अविवाहित होता. त्याच्यामागें टांकसाळीच्या मुख्याचें पद स्वतंत्र राहिलें नाहीं. १८७० त तें अर्थमंत्र्याच्या पदास जोडण्यांत आलें.