मातीचा हिशेबनीस

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन ते मुंबईत व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेस जाऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९२९ साली साबरमतीस गांधीजींची भेट झाली आणि त्यांच्या जीवनास निराळे वळण लागले. विलायती पोशाख गेला, अंगावर खादी आली. गुजरातेतील मातर तालुक्याची पाहणी करताना दारिद्र्याच्या आकड्यांमागची माणसे त्यांनी जवळून पाहिली.

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस म्हणून कुमारप्पा मगनवाडीत राहू लागले. ही जागा जमनालाल बजाज यांनी दिली होती. तेथे तेलघाणी, हातकागद यांसारखे उद्योग चालत. गावातील शेण, पालापाचोळा व मैला वाया न घालविता त्यांचे खत करावे, असा संघाचा आग्रह असे.

कुमारप्पांनी हिशेबनिसाची दृष्टी मातीलाही लावली. पीक म्हणजे मातीकडून घेतलेले ऋण. ते न फेडल्यास मातीचे दिवाळे निघणार! जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी निसर्गाचे चक्र अखंड राखण्याचा विचार मांडला. रासायनिक खतांविषयीही त्यांनी सावधगिरीचा इशारा दिला. तो अनेकांना पटला नाही. कारण देशात अन्नाची टंचाई होती आणि या खतांनी पुढे धान्य खरोखरच वाढले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, कुमारप्पांचे निधन झाले.

परंतु पिकाने न घेतलेले खत जाते कोठे? त्यातील नत्र व स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतात. वर्धा जिल्ह्याचे पाणी वर्धा नदीतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. वाटेवरच्या शहरांचे सांडपाणीही त्यास मिळते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात हे पोषण प्रमाणाबाहेर साचले, की शैवाल माजते. ते मेल्यावर कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपत जातो. मासे दूर पळतात. ज्यांना पळता येत नाही, ते जीव गुदमरून मरतात. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या मुखापुढे, मेक्सिकोच्या आखातात, दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर समुद्रतळ असा निर्जीव होतो. शेतात जे धन, तेच समुद्रात विष ठरते.

कुमारप्पांच्या हयातीत ही हानी फारशी कोणाच्या ध्यानी आली नव्हती. तरी मातीचे ते मातीस परत द्यावे, हा त्यांचा हिशेब आज समुद्रालाही लागू पडतो. वर्ध्याच्या कित्येक शेतकऱ्यांनी समुद्र पाहिलेला नसेल. पण शेताच्या बांधावर खत अडविणारा शेतकरी दूरच्या कोळ्याचे जाळे रिकामे राहू नये म्हणूनही झटत असतो.